शिवमूर्ती अण्णा आणि एकशे नऊची गळती

अण्णा रिकाम्या खोलीचं दार वाजवल्याशिवाय आत जायचे नाहीत.

किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला. खोली रिकामी असल्याची नोंद काउंटरवरच्या रजिस्टरात. पाहुणे सकाळीच गेलेले, त्यांची गाडी एव्हाना सोलापूरला पोचलेली. तरी अण्णा दारापुढं थांबणार, चपला काढून भिंतीशी नीट जुळवून ठेवणार, बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करणार आणि मान जराशी वाकडी करून उभे राहणार. मनात दहा आकडे मोजून झाले की मगच किल्ली. आणि अशा खोल्या एका मजल्यावर चाळीस. मी शिकाऊ म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी याचा गुणाकार केला आणि माझ्या पोटऱ्या तिथंच भरून आल्या.

"अण्णा, रिकामीच हाय की ती," मी म्हणाले.

"रजिस्टर म्हनतंय रिकामी," अण्णा म्हणाले. "खोली म्हनली का?"

हे झालं तुळजापूरच्या एका भक्तनिवासात. तीन मजले, दोन टाक्या, एक लिफ्ट, एक जनरेटर आणि अण्णा. अण्णा तिथले देखभालीचे सुपरवायझर. मी त्यांच्या हाताखाली वर्षभराची उमेदवार. वर्ष सरलं की प्रशिक्षण कार्यालयातले साहेब येऊन परीक्षा घेणार, पास झाले तर इमारत देखभालीच्या सुपरवायझरचा दाखला. वय माझं छत्तीस. लग्नाआधी आयटीआयत वायरमनचा कोर्स केला होता. नंतर संसार, दोन पोरी, आणि नवऱ्याचं तेरला पंपाच्या मोटारी भरायचं दुकान. त्या दुकानात बसून लोकांच्या जळक्या मोटारी बघण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं होतं. पण रोज पहाटे उठून डबे करायचे, तेरहून धाराशिवची गाडी धरायची, तिथून तुळजापूरची. कामावर पोचेपर्यंत माझा निम्मा दिवस संपलेला असायचा, आणि समोर अण्णा ताजे उभे असायचे. ताजे म्हणजे दमलेलेच, पण रात्रीपासून दमलेले. त्यांचं दमणं मुरलेलं होतं. माझं अजून नवं होतं.

अण्णा मुरूमकडच्या एका खेड्यातले. घरात कन्नड, दारात मराठी. लग्न केलं नाही. जिन्याखालच्या खोलीत राहायचे. मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे, पण काम सांगताना दयामाया नाही. लिफ्ट असून लिफ्टमध्ये बसू द्यायचे नाहीत.

"लिफ्टात बसल्यावर जिना दिसत न्हाय. जिन्यावरचा ओल्या पायाचा ठसा दिसत न्हाय. ठसा न्हाय दिसला तर गळती कशी घावंल?"

मग चढा. तीन मजले, दिवसातून आठ वेळा.

पहिला महिना त्यांनी मला हत्याराला हात लावू दिला नाही. पाना मागितला की म्हणायचे, "आदी बगा." पक्कड मागितली की, "आदी ऐका." पंपाच्या खोलीत मला खुर्ची टाकून दिली आणि म्हणाले, "मोटर काय म्हनतीय ते सांजच्याला सांगा." मी बसले. संध्याकाळी सांगितलं, मोटर घूं म्हणते. अण्णांनी मान हलवली. "सकाळी घूं म्हनत हुती. चारच्या पुढं घूंऽऽ म्हनायली. बेरिंग चाललं तिचं." आणि चौथ्या दिवशी बेरिंग गेलं. माझा नवरा मोटारी भरतो, पण हे त्यालाही जमलं नसतं. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारा चक्रम आहे. दोन दिवसांनी मात्र मी त्याला दुकानात एका मोटारीपुढं डोळे मिटून बसलेला बघितला.

तुळजापुरात कुंकवाला तोटा नाही. अण्णांनी त्याचा उपयोग शोधला होता. खालच्या खोलीच्या छताला ओल आली की वरच्या मजल्यावर तीन संशयित न्हाण्या. एकीच्या जाळीत हळदीचं पाणी सोडायचं, दुसरीच्यात कुंकवाचं, तिसरीच्यात नुसतं. मग खाली येऊन छताकडं बघत बसायचं. पिवळा थेंब पडला की एक चोर, लाल पडला की दुसरा. एकदा असं बघत बसलेलो असताना त्या खोलीतल्या आजीबाईंनी छतातून कुंकू टपकताना बघितलं आणि सरळ साष्टांग दंडवत घातला. अण्णांनी त्यांना उठवलं. "आज्जी, वरच्या न्हाणीत जाळीखालच्या ट्रॅपचा जॉइंट गेलाय," असं त्यांनी तीनदा सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि त्या थेंबाखाली नारळ ठेवला.

अण्णांच्या मते तक्रारी तीन प्रकारच्या. पाण्याची, विजेची आणि माणसाची. "पैल्या दोन आपल्या. तिसरी आली की पाना खिशात घालायचा आन् बसायचं."

तिसरी कशी ओळखायची ते मी एका मंगळवारी बघितलं. सोलापूरकडच्या एका पाहुण्यांचा पंखा आवाज करत होता. तीनदा काउंटरवर येऊन भांडले. अण्णा गेले, मी शिडी घेऊन मागं. अण्णांनी पंख्याकडं एकदा बघितलं आणि कॉटवर बसले. "कुटून आलासा?" एवढंच विचारलं. मग वीस मिनिटं त्या गृहस्थांच्या धाकट्या भावाची, वाटणीची, बांधाची गोष्ट. मी शिडी धरून उभी. शेवटी गृहस्थ म्हणाले, "आता आवाज येत न्हाय बगा." अण्णा म्हणाले, "व्हय." खाली येऊन मला लिहायला सांगितलं, "खोली तीनशे बारा. पंखा सध्या गप्प हाय."

हे 'सध्या' त्यांचं फार लाडकं. दुरुस्ती-वहीत 'काम पूर्ण' असं त्यांनी कधी लिहू दिलं नाही. नळ सध्या गळत न्हाय. दिवा सध्या पेटतोय. मॅनेजर वैतागायचे. अण्णा म्हणायचे, "साहेब, पूर्ण म्हनलं की परत कुनी बगत न्हाय तिकडं." पण एक होतं, वहीत खोटा शब्द चालायचा नाही. एकदा मी बघायला न गेलेल्या खोलीचा गिझर 'तपासला' असं लिहून टाकलं होतं. पाय दुखत होते, दुसरं काही नाही. अण्णांनी वही माझ्यापुढं ठेवली आणि स्वतः तीन मजले चढून गिझर बघून आले. मग खाली बसून धापा टाकत म्हणाले, "आता खरं झालं." त्या दिवसानंतर माझी खोटं लिहायची हिंमत झाली नाही.

म्हणून एकशे नऊचं मला अजून नवल वाटतं.

माझं वर्ष संपत आलं होतं. परीक्षेचे साहेब त्याच आठवड्यात येणार होते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, न्हाण्या नारळाच्या शेंड्यांनी तुंबलेल्या, आम्ही दोघं चिखलातून काढल्यासारखे. दुपारी पहिल्या मजल्याची फेरी सुरू केली. एकशे नऊ रिकामी, किल्ली सकाळीच काउंटरवर जमा. अण्णांनी चपला काढल्या, तीनदा टकटक केलं, मान वाकडी केली.

आतून आवाज आला, "बा."

कन्नडमधलं 'ये'. दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णांनी ते ढकललं.

कॉटच्या कडेला एक म्हातारी बसली होती. इरकली लुगडं, पाय जमिनीला न टेकणारे, मांडीवर एक गाठोडं. डोळ्यांत पांढरं पडलेलं, तिला फारसं दिसत नसावं. तिनं दाराच्या दिशेनं तोंड केलं आणि विचारलं, "बंद्या?" आलास का?

अण्णांनी कमरेचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत धरला. मग म्हणाले, "बंदे, अव्वा." आलो, आई.

तिच्या बोलण्यावरून कळलं, तिचा मुलगा सकाळी गाडी बघून येतो म्हणाला होता. जाताना किल्ली काउंटरवर देऊन खोली रिकामी केल्याचं सांगून गेला होता. हे दोन्ही एकत्र केल्यावर जे निघतं ते मला कळलं, अण्णांनाही कळलं. म्हातारीला कळलं की नाही, ते आजतागायत माहीत नाही. ती त्यांना एवढंच विचारत होती, "ऊटा आतेन?" जेवलास का?

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, मॅनेजरना सांगावं लागंल. पोलिसांत कळवतील."

"कळवतील. मंग ती कागद हुईल," अण्णा म्हणाले. "आन् कागद झालेल्या आईला न्यायला पोरगं येत न्हाय, बाई. भितंय. दोन-तीन दिस बगू. न्हायच आलं तर मीच जातो चौकीत."

"पण खोली उद्या सोलापूरच्या पार्टीला दिलीया."

अण्णांनी खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. "ल्ह्या. एकशे नऊ. छतातून गळती. खोली बंद."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते माझ्याकडं बघत नव्हते. वहीत खाली माझीच सही लागायची, उमेदवार म्हणून. मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच ओळखू येईना.

तीन दिवस ती खोली 'गळत' राहिली. अण्णा सकाळी बादली घेऊन आत जायचे. बादलीत आंबील असायची, वर फडकं. मी तेरहून भाकरी आणि मऊ वांग्याची भाजी आणायचे. म्हातारी चार घास खायची आणि उरलेलं अण्णांच्या दिशेनं सरकवायची. अण्णा मुकाट जेवायचे. या माणसाला मी वर्षभर उभ्यानं चहाशिवाय काही घेताना बघितलं नव्हतं.

काउंटरच्या नोंदीत मुलाचा मोबाईल नंबर होता. अण्णा दर दोन तासांनी लावायचे. बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लागला. पलीकडून कुणी हॅलो म्हणालं नाही. नुसता वाहनांचा आवाज येत होता. मला वाटलं आता अण्णा शिव्या देतील. मी देणारच होते. अण्णा आधी कन्नडमध्ये बोलले, मग बहुधा माझ्यासाठी तेच मराठीत म्हणाले, "खोलीत दुरुस्तीचं काम चालू हाय. आनखी दोन दिस लागतील. अव्वा जेवत्यात. तुमी गडबड करू नका, सावकाश या." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी परीक्षेचे साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आमच्यापेक्षाही दमलेले दिसत होते. त्यांनी वही चाळली आणि नेमकं बोट ठेवलं. "एकशे नऊ. तीन दिवस गळती? चला, कारण सांगा बघू."

मी आयुष्यात नसलेल्या गळतीचं कारण सांगितलं. वरच्या दोनशे नऊच्या न्हाणीतला ट्रॅप, त्याचा सुटलेला जॉइंट, हळदीच्या पाण्यानं केलेली खात्री, लाद्या काढून जॉइंट कसा भरायचा, किती दिवस ओला ठेवायचा, कधी पाणी कोंडून तपासायचं. कुठून सुचत होतं मला ठाऊक नाही. वर्षभर जिने चढून जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

"छान," साहेब म्हणाले. "दाखवा."

आम्ही एकशे नऊच्या दारापाशी गेलो. अण्णा दार अडवून म्हणाले, "साहेब, आत समदं उखडून टाकलंय, पाय ठेवाया जागा न्हाय."

तेवढ्यात आतून खोकला आला. चांगला लांब, म्हातारा खोकला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"लाईनीत हवा हाय," अण्णा म्हणाले.

साहेबांनी चष्मा वर सारला. दाराकडं बघितलं. दारापाशी बायकी चपलांचा एक लहानसा, झिजलेला जोड होता. आम्ही दोघंही तो उचलायला विसरलो होतो. साहेबांनी चपलांकडं बघितलं, मग अण्णांच्या हातातल्या आंबिलीच्या बादलीकडं. माझा दाखला, माझं वर्ष, पहाटेच्या त्या सगळ्या गाड्या त्या दोन चपलांवर उभ्या होत्या.

साहेबांनी फाईल काढून माझ्या कागदावर सही केली. "हवा लवकर काढा," म्हणाले आणि जिना उतरून गेले. लिफ्टनं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णा गॅलरीतून म्हणाले, "बाई, आला."

समोरच्या हळदी-कुंकवाच्या दुकानाच्या फळीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. अंगातला शर्ट चार दिवसांचा. तुळजापुरात बाहेरून आलेला माणूस आधी देवळाकडं बघतो. हा आमच्या इमारतीकडं बघत होता, अर्धा तास.

अण्णा शिडी खांद्यावर घेऊन खाली गेले. मी मागोमाग. तो माणूस उठला. अण्णांनी त्याला काहीच विचारलं नाही. शिडी फाटकाच्या कमानीला लावली आणि म्हणाले, "ही जरा धरा."

त्यानं शिडी धरली. त्याचे हात थरथरत होते, त्यामुळं शिडी थरथरत होती, आणि तिच्यावर साठीला आलेले अण्णा चढत होते. वर चांगली पेटणारी ट्यूब होती. ती त्यांनी काढली, पुसली, परत लावली. परत काढली. मी खालून सारखी म्हणत होते, अण्णा, उतरा. ते उतरले नाहीत. मला वाटतं पाऊण तास गेला असेल. हळूहळू शिडी हलायची थांबली. तेव्हा अण्णा खाली आले, हात पुसले आणि म्हणाले, "आता चला."

म्हातारीनं पावलं ऐकली. "बंद्या?" म्हणाली. यावेळी अण्णा गप्प राहिले. मुलगा तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावरून, कानांवरून हात फिरवला आणि विचारलं, "ऊटा आतेन?" त्या माणसानं तोंड तिच्या लुगड्यात खुपसलं. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला त्याचा राग येत होता आणि तो राग नीट पकडताही येत नव्हता.

त्यानं काही कारणं सांगितली. बायको, खोली, रोजची मजुरी, आईचं रात्रभर जागणं. अण्णांनी मध्येच थांबवलं. आपला मोबाईल नंबर एका कागदावर लिहून दिला. "लई थकला तर हितं आनून ठेवा चार दिस. सांगून ठेवा. मी हाय." एवढंच.

निघताना म्हातारी दारात थांबली. अण्णा उभे होते त्या बाजूला तिनं हात पुढं केला. "नीनू बा," म्हणाली. तूही ये.

"बर्तीनी, अव्वा," अण्णा म्हणाले. येतो.

दोघं बसस्टँडकडं वळून दिसेनासे झाले तरी अण्णा फाटकात उभेच होते. मग वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'एकशे नऊ, गळती नव्हती', आणि मॅनेजरांकडं नेऊन दाखवली. मॅनेजर दहा मिनिटं ओरडले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "टाकी धुवायची हाय, पानी बंद करू का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर टाकीपाशी होतो. टाकी धुताना एकानं आत उतरायचं आणि एकानं तोंडाशी बसून राहायचं, हा नियम. ऊन कलत आलं होतं. अण्णा ब्रश भिजवत होते. मी विचारलं, "अण्णा, म्हातारी तुम्हाला पोरगाच समजत होती. तुम्ही सांगितलं न्हाय तिला."

अण्णा ब्रशचे केस बोटानं मोकळे करत राहिले.

"माझी अव्वा गावाकडं एकलीच ऱ्हायची," ते म्हणाले. "येते म्हनायची हितं. मी म्हनायचो, सीजन हुंदे. हितं सीजन कदी सरतोय? ती गेली त्या दिशी मी हितंच हुतो. या टाकीत. मोबाईल वर शर्टात. तवा वर बसायला कुनी नव्हतं. धुऊन बिऊन निवांत वर आलो, तर अकरा मिसकॉल." ब्रश झटकला. "शेवटला तिचाच हुता. शेजारनीनं लावून दिला म्हनं. काय म्हनायचं हुतं कुनाला ठावं." मग जरा थांबून, "तीन दिस कुनीतरी जेवला का इचारलं, बगा."

अण्णांनी शर्ट काढून पाइपावर टाकला. खिशातला मोबाईल काढला, बघितला आणि माझ्या हातात दिला.

"आवाज मोठा करून ठिवलाय," म्हणाले, आणि आत उतरले.

मी टाकीच्या तोंडाशी मोबाईल मांडीवर घेऊन बसले. खालून ब्रशचा खरखर आवाज येत होता. माझी धाराशिवची गाडी निघून गेली असणार. बऱ्याच वेळानं ब्रश थांबला.

"बाई, आला का कुनाचा?"

"न्हाय, अण्णा."

"बरं," आतून आवाज आला, आणि खरखर पुन्हा सुरू झाली.